आर्टिचोक आणि माझी कवळी

माझ्या तोंडातले सगळे दात माझे स्वतःचे आहेत. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आमच्या इमारतीत आता हे कुणाला सांगायची सोय उरलेली नाही. जिन्यात भेटणारा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग माझ्याकडे. परवा इमारतीची सभा झाली. चहाबरोबर सगळ्यांना कडक बिस्किटं वाटली आणि मला मात्र सेक्रेटरींनी जातीने उठून, सगळ्यांदेखत, एक पिकलेलं केळं आणून दिलं. मी ते निमूटपणे खाल्लं. मान खाली घालून केळं खाणं फार अवघड असतं.

या सगळ्याच्या मुळाशी आर्टिचोक आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुठीपेक्षा थोडी मोठी अशी हिरवी कळी असते, तिच्यावर खवल्यांसारखी पानांवर पानं, आणि पानाच्या टोकाला काटा. ही खरं तर एका फुलाची न उमललेली कळी, पण लोक ती भाजी म्हणून खातात. खातात म्हणजे काय, तर एकेक पान उपटायचं, बुडाशी दातांत धरायचं आणि ओढायचं, म्हणजे नखाएवढा गर तोंडात राहतो आणि बाकीचं पान टाकून द्यायचं. अशी सगळी पानं संपली की आत कापूस लागतो. तो खरवडून काढला की तळाशी मऊ गड्डा सापडतो, आणि तोच खरा खाण्यासारखा असतो. एवढ्या खटपटीनंतर एवढंसं हाती देणारी दुसरी गोष्ट मी फक्त आमच्या खात्यात पाहिली आहे. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात आहे.

आता सासऱ्यांविषयी. माझे सासरे रेडिओवर बातम्या वाचत. त्यांच्या आवाजाने सकाळ झाली आणि त्यांच्याच आवाजाने रात्र, अशी एक पिढीच्या पिढी होऊन गेली. शब्द कसा उच्चारावा ते त्यांच्याकडून ऐकावं. लग्न ठरताना त्यांनी मला विचारलं होतं, "आपण नेमकं काय करता?" मी म्हणालो, "तक्रार विभागात असतो." त्यावर ते म्हणाले, "अच्छा." बस्स, एवढंच. पण इतक्या स्वच्छ उच्चारात माझी इतकी निराशाजनक नोंद त्याआधी कुणी घेतली नव्हती. ते 'अच्छा' मी आजवर बाळगून आहे.

तर त्यांच्या घरी रंगकाम निघालं म्हणून ते थोडे दिवस आमच्याकडे राहायला आले, आणि आल्या दिवसापासून त्यांनी तोंड उघडलं नाही. "प्रवास कसा झाला?" तर मान हलवली. "चहा घेता?" तर पुन्हा मान. जेवायला हाक मारली की दाराआडून "नंतर" एवढा एक शब्द यायचा. मग ही त्यांचं ताट खोलीत नेऊन ठेवायची आणि दार लागायचं. ताट परत यायचं तेव्हा त्यातला वरणासारखा पातळ पदार्थ तेवढा संपलेला असायचा, बाकी सगळं जागच्या जागी. त्यांच्या जुन्या मित्रांचे फोन यायचे, तर तेही घ्यायचे नाहीत.

माझा स्वभाव असा की कुणी गप्प बसलं तर ते माझ्याविरुद्धच गप्प बसलंय असं मला वाटतं. माझी खात्री पटली की या माणसाला माझ्या पंगतीला बसणं कमीपणाचं वाटतं. हे मी मनात ठेवलं असतं तर आज ताठ मानेने केळं खाता आलं असतं. पण मी ते समोरच्या काकूंना सांगितलं, ऑफिसात सांगितलं, आणि न्हाव्याने गालाला साबण लावलेला असताना त्यालाही सांगितलं. "आवाज मोठा होता, पण मन काही मोठं नाही," हे वाक्य मी तयार केलं होतं आणि ते मला इतकं आवडलं होतं की मी ते जागोजागी वापरलं.

"बाबांना मऊ काहीतरी करून द्यावं म्हणते," ही एकदा म्हणाली.

"मऊ कशाला? त्यांना काय झालंय?"

"काही नाही. वय झालं की बरं वाटतं मऊ," असं म्हणून तिने विषय बदलला. ती विषय बदलते तेव्हा काहीतरी असतं, हे मला इतक्या वर्षांच्या संसारात कळायला हवं होतं.

पण माझं डोकं वेगळीकडेच चालू होतं. लग्नानंतर कधीतरी सासरे एकदा मोकळेपणाने बोलले होते. तरुणपणी ते प्रशिक्षणासाठी परदेशी गेले होते. तिथे ज्या बाईंच्या घरी राहायचे त्या बाई रविवारी आर्टिचोक उकडायच्या आणि सगळी मंडळी लोण्यात पानं बुडवत तासन् तास गप्पा मारत बसायची. "तसं जेवण पुन्हा मिळालं नाही," असं ते म्हणाले होते. ठरलं तर मग. आर्टिचोक आणायचा, माझ्या हातांनी करायचा, आणि त्यांना आमच्या टेबलावर सगळ्यांसमोर बसवून खाऊ घालायचा. मग बघू कसे 'अच्छा' म्हणतात!

बाजारात कुणी नावही ऐकलं नव्हतं. शेवटी दूरच्या थंड भागातल्या एका मळ्यातून पार्सल मागवलं, आणि ते वनस्पती तपासणीच्या कार्यालयात अडकलं. आम्हीही लोकांना हेलपाटे घालायला लावतो, नाही असं नाही. पण आम्ही निदान हसून लावतो. खिडकीतल्या साहेबांना हसू हा प्रकारच माहीत नव्हता.

"हे काय आहे?" त्यांनी खोक्यातला एक आर्टिचोक पेन्सिलीने टोचून विचारलं.

"भाजी."

"भाजीला रोग नसल्याचा दाखला लागतो."

"मग फूल समजा. खरं तर ते फूलच आहे."

"फूल असेल तर नेता येईल. पण मग खाता येणार नाही."

"फूल कोण खातंय!" मी हसून म्हणालो. माझं हसू खिडकीपाशीच थांबलं.

"तसं लिहून द्या."

मी लिहून दिलं. 'सदर फुले केवळ शोभेसाठी असून ती मी कोणत्याही परिस्थितीत खाणार अथवा खाऊ घालणार नाही.' एका सरकारी माणसाने दुसऱ्या सरकारी माणसाला लेखी थाप मारली, आणि तीही इतक्या शुद्ध भाषेत. लाज वाटली, पण खोकं हातात येत होतं.

"कुणासाठी नेताय?"

"सासऱ्यांसाठी."

त्यांनी प्रथमच मान वर केली. "सासऱ्यांना फुलं?"

"हो."

"नवीन लग्न?"

"नाही, जुनंच."

त्यांनी शिक्का मारला, पण इतक्या हळुवारपणे, की मला तिथून पळ काढावासा वाटला.

घरी आल्यावर प्रयोग सुरू झाले. आर्टिचोक घरात आलाय ही बातमी काकूंना माझ्या आधी कळली असावी, कारण मी कुलूप काढत होतो तेव्हा त्या दारात उभ्याच होत्या. त्यांनी आयुष्यात आर्टिचोक पाहिला नव्हता, पण सल्ला देण्यासाठी पाहावं लागतं असं त्या मानत नाहीत.

"अरे, हे कोबीचंच भावंड. कुकरला लाव, एक शिट्टी झाली की काढ."

काढला. पानं बाहेरून चिंब आणि आतून कच्ची. ओढायला गेलो तर पान जागचं हललं नाही, आणि ते धरायच्या नादात माझ्या बोटांत दोन काटे गेले. मग ॲल्युमिनियमच्या मोठ्या पातेल्यात रटरटा उकडला. तो शिजला, पण रंग असा काळपट झाला की ही म्हणाली, "हे ताटात वाढायचं आहे की पुरायचं?" त्या वासावर सेक्रेटरी आले. सेक्रेटरींचं चष्म्याचं दुकान आहे आणि त्यांना जगात सगळं दिसतं. ते आले होते इमारतीतर्फे वासाची तोंडी तक्रार नोंदवायला, पण पातेलं बघून खुर्ची ओढून बसले.

"स्टीलच्या भांड्यात करा आणि कापल्या कापल्या लिंबू चोळा. नाहीतर काळा पडतो. आणि नुसता उकडून काय खाता? पानं फाकवा, मध्ये पावाचा चुरा, लसूण आणि चीज भरा, वरून तेल सोडा, ओव्हनमध्ये ठेवा. माझ्या एका गिऱ्हाइकाने सांगितलंय."

तसं केलं. चुरा पानांत कमी आणि ओव्हनच्या तळाशी जास्त भाजला गेला, पण चव बरी होती. त्यानंतर ऑफिसातल्या एकाने सांगितलं की पातळ चकत्या करून तळायच्या, कुरकुरीत होतात. झाल्याही. फक्त आतला कापूस काढून टाकायचा असतो हे सांगायला तो विसरला. तो कापूस घशात गेल्यावर माणसाचं काय होतं ते मला विचारा. दुसऱ्या दिवशी मी दिवसभर खोकत होतो. तक्रार घेऊन आलेले लोक माझी अवस्था बघून आपली तक्रार न सांगताच परत गेले. साहेबांनी मला शाबासकी दिली, म्हणाले, असं काम आधी कधी झालं नव्हतं.

प्रत्येक प्रयोग ही मुकाट्याने खायची, आणि मग हळूच म्हणायची, "बाबांना हे जमेल का?"

"न जमायला काय झालं? आपल्या सगळ्यांत फक्त त्यांनीच खाल्लाय!"

"तसं नाही. तो आतला गड्डा नुसता कुस्करून, लोणी घालून वाटीत दिला तर?"

"कुस्करून?" मी जवळजवळ ओरडलोच. "अगं, मजा पानं ओढण्यात आहे! ते स्वतः म्हणाले होते!"

ती गप्प बसली. मला वाटलं, माझं म्हणणं पटलं.

शेवटी साधीच पद्धत जमली. वरचा शेंडा कापायचा, काटे कात्रीने छाटायचे, लिंबू चोळायचं, आणि मिठाच्या पाण्यात झाकण ठेवून तासभर मंद आचेवर शिजू द्यायचं. बुडाजवळचं पान हलक्या हाताने सुटून आलं की झालं. सोबत लोणी, लसूण आणि लिंबाचा रस. पहिलं पान अलगद सुटलं तेव्हा माझे डोळे भरून आले. बोटांना पट्ट्या होत्या, म्हणून मनगटाने पुसले.

रविवारी दुपारच्या जेवणाला मी काकूंना आणि सेक्रेटरींना बोलावलं. खरं कारण सांगतो, मला साक्षीदार हवे होते. सासरे आमच्या टेबलावर बसले हे इमारतीने पाहावं, एवढीच इच्छा होती. मग मी त्यांच्या दाराशी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "बाबा, तुमच्यासाठी आर्टिचोक केलाय. माझ्या हातांनी. बाहेर या, सगळे थांबलेत."

आत कपाट उघडल्याचा आवाज आला. मग दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस नीट विंचरले होते, आणि डोळ्यांत असं काही होतं की मला क्षणभर त्यांच्याबद्दल बनवलेली सगळी वाक्यं विसरायला झाली.

"असं?" ते म्हणाले. "सगळं स्वतः केलंत?"

बोलताना कुठेतरी बारीक शिट्टी वाजली. गॅसवर किटली राहिली असं वाटून मी स्वयंपाकघरात जाऊन आलो. गॅस बंद होता.

टेबल छान दिसत होतं. प्रत्येकाच्या ताटात एकेक अख्खा आर्टिचोक, शेजारी लोण्याची वाटी, आणि मधोमध उष्टी पानं टाकायला स्टीलचं मोठं भांडं. मी उभा राहून प्रात्यक्षिक दाखवलं. पान असं उपटायचं, असं बुडवायचं, असं दातांत धरायचं आणि असं ओढायचं. काकूंनी एकाच घासात जमवलं. सेक्रेटरींनी चष्मा वर करून पान नीट तपासलं आणि मग खाल्लं. सासरे मात्र एकेक पान सोडवत होते, लोण्यात बुडवत होते, ओठाला लावल्यासारखं करत होते आणि ताटाच्या कडेला ठेवत होते. मी लक्ष ठेवून होतो. एकही पान त्यांनी ओढलेलं नव्हतं.

"बाबा, संकोच करू नका," मी म्हणालो.

"तुम्ही घ्या," ते पुटपुटले.

"छे! आधी तुम्ही. तुमच्यासाठी तर केलंय!"

"अहो, त्यांना त्यांच्या पद्धतीने खाऊ द्या," ही म्हणाली.

"घ्या हो," काकू मध्ये पडल्या, "जावयाने बोटं फोडून घेतलीत तुमच्यासाठी!"

आग्रहाचं एक वाईट असतं. तो सुरू केला की मध्येच थांबणं आपल्याला अपमानाचं वाटतं. मी एक जाडसं पान लोण्यात बुडवलं, माझ्या हाताने त्यांच्या तोंडापुढे धरलं आणि म्हणालो, "नुसतं दातांत धरा. घट्ट. ओढतो मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हिच्याकडे. मग त्यांनी पान दातांत धरलं, आणि मी काकूंकडे वळून "बघा किती सोपं!" असं म्हणत ओढलं.

भांड्यात काहीतरी टक्कन पडलं. चमचा असेल असं मला वाटलं. वळून बघतो तर सासऱ्यांनी नॅपकिन तोंडावर दाबून धरलेला, चेहरा लाल, आणि ते खुर्ची मागे सारून उठत होते. एक शब्दही न बोलता ते खोलीत गेले आणि दार लागलं.

माझ्या हातात ते पान तसंच होतं. "पाहिलंत?" मी काकूंना म्हणालो, आणि आवाज खोलीपर्यंत जाईल इतपत मोठा ठेवला. "एवढं करूनही हा असा मान!"

हे वाक्य परत घेता आलं असतं तर मी उरलेला जन्म केळी खाऊन काढायला तयार आहे.

काकूंना माझी दया आली. त्यांनी भराभरा ताटं आवरली, सगळ्यांची पानं त्या मोठ्या भांड्यात लोटली आणि "राहू दे, मी खाली टाकून येते, कचऱ्याची गाडी यायचीच आहे," म्हणून भांडं घेऊन गेल्या. सेक्रेटरीही पाठोपाठ निघाले.

"जा, बघा काय झालंय," ही म्हणाली.

"मी का जाऊ? तुझे वडील आहेत, तू जा."

"नको. माझ्यासमोर त्यांना..." ती थांबली. "तुम्हीच जा."

मी दार वाजवलं. आतून जो आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. गिळगिळीत, शब्दांना कडा नसलेला. आत गेलो. ते पलंगाच्या कडेला बसले होते. त्यांनी नॅपकिन बाजूला केला, तर वरचा ओठ आत गेलेला, आणि एवढा भारदस्त माणूस एकदम कुठल्या कुठे लहान झालेला.

"कवळी," ते म्हणाले. मला ते दोनदा ऐकावं लागलं. "नवीन आहे. नीट बसत नाही. बोलताना शिट्टी वाजते. तुम्ही ओढलंत तेव्हा त्या पानांत पडली."

मी मागे वळून दार ओढून घेतलं.

"पोरीला कळू देऊ नका," ते म्हणाले. "लहानपणी बातम्या लागल्या की रेडिओला कान लावून बसायची. तिला वाटायचं मी आत आहे. तिच्यापुढे या आवाजात बोलवत नाही हो."

म्हणजे ते ताट खोलीत नेणं, ते मान हलवणं, ते मित्रांचे फोन न घेणं! कुणावर राग नाही, गर्व नाही, काही नाही. एक माणूस आपला मोडलेला आवाज लपवून बसला होता, आणि मी गावभर त्याच्या मनाचं माप काढत हिंडत होतो. न्हाव्यापर्यंत! मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या पलंगापाशी उभं राहून कळलं. आणि तेवढ्यात कचऱ्याच्या गाडीचा भोंगा वाजला.

मी अनवाणीच जिना उतरलो. अंगणात कोपऱ्यात इमारतीचा सामाईक डबा आहे, माणूस कमरेपर्यंत आत जाईल एवढा. मी कमरेपर्यंत आत गेलो. वर आमचीच पानं होती, लोण्याने बरबटलेली, आणि त्यांच्याखाली इमारतीतल्या प्रत्येक घराने आपापल्या परीने भर घातली होती. आर्टिचोकचं खरकटं पान आतून पांढरट असतं आणि जरा वळलेलं असतं. दहा पावलांवरून तर सोडाच, नाकासमोर धरलं तरी ते दातांच्या पंक्तीसारखंच दिसतं. मी हर्षाने किती पानं उचलली याचा हिशेब नाही.

"अहो! हे काय चाललंय?" मागून सेक्रेटरींचा आवाज आला. "डब्यात हात घालू नये अशी पाटी मी स्वतः लावलीय!"

"एक मिनिट," मी डब्यातून म्हणालो.

गाडीवाला भोंगा वाजवत होता. पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली, मग दुसऱ्या मजल्यावरची. रविवारची दुपार असल्यामुळे सगळे घरीच होते. "काय हरवलं रे?" काकूंनी वरून विचारलं, आणि खालीच आल्या. दुपारची झोप मोडली म्हणून चिडलेले लोकसुद्धा माझं ढुंगण डब्याबाहेर बघून खूश झाले असावेत, कारण कुणी काही बोललं नाही.

आणि मग सापडली. एका पानाच्या खोलगट भागात अलगद बसलेली, लोण्याने चमकत असलेली. मी ती उचलून बाहेर आलो आणि पाहिलं तर माझ्याभोवती अर्धी इमारत उभी होती. लपवायला वेळच मिळाला नाही.

"दात!" काकू म्हणाल्या.

"कुणाचे?" सेक्रेटरींनी चष्मा सरळ करत विचारलं.

मी वर पाहिलं. सासऱ्यांच्या खोलीचा पडदा जरासा हलला. जेवायला टेबलाशी आम्ही मोजून पाच जण होतो, आणि सेक्रेटरींची नजर त्या पडद्याच्या दिशेने वळायला लागली होती.

"माझे," मी म्हणालो.

"पण तुमच्या तोंडात तर दिसतायत!"

मी झटकन खिशातला रुमाल काढून तोंडाला लावला. "ते खालचे," मी ओठ आत ओढून बोललो. "हे वलचे."

"अरे देवा!" काकूंचा हात गालावर गेला. "या वयात? आणि आम्हाला पानं ओढायला शिकवत होतास!"

तेवढ्यात माझी नजर आमच्या गॅलरीकडे गेली. तिथे ही उभी होती. माझ्या दातांबद्दल या जगात कुणाला खात्रीने माहीत असेल तर ते हिला. मी घरी अक्रोड दातांनी फोडतो आणि त्यावरून ती मला रोज बोलते. तिने माझ्या हातातल्या कवळीकडे पाहिलं, मग माझ्या रुमालाकडे. मी नजरेनेच हात जोडले.

"हजारदा सांगितलं तुम्हाला!" ही गॅलरीतून ओरडली, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी. "डॉक्टरकडे जा, घट्ट बसवून घ्या, घट्ट बसवून घ्या! पण ऐकाल तर शप्पथ!"

तेव्हा मला कळलं की तिला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. म्हणूनच ते मऊ, म्हणूनच ते कुस्करून, म्हणूनच मला आत पाठवणं. बाप मुलीपासून लपवत होता, आणि मुलगी आपल्याला कळलंय हे बापापासून लपवत होती. दोघांच्या मधोमध मी आर्टिचोक घेऊन उभा होतो.

"धुवून घाला हो," सेक्रेटरी मायेने म्हणाले. जिन्यात लोकांनी मला आजारी माणसाला देतात तशी वाट दिली.

वर येऊन मी कवळी गरम पाण्याने धुतली, एका वाटीत ठेवून खोलीत नेली आणि पाठ करून उभा राहिलो. मागे टक असा आवाज झाला. मग मी म्हणालो, "बाबा, माझं फार चुकलं. आणि जेवणाच्या टेबलावर मी जे बोललो..."

"खाली काय बोललात ते ऐकलं मी," ते म्हणाले. मग म्हणाले, "अच्छा."

शिट्टीसकट म्हणाले. आणि खरं सांगतो, त्यापुढे मी लग्न ठरतानाचं 'अच्छा' विसरून गेलो.

त्या संध्याकाळी हिने उरलेल्या आर्टिचोकचे गड्डे कुस्करले, लोणी आणि मीठ घालून वाटीत टेबलावर ठेवले आणि कुणाला हाक न मारता नुसती आपल्या जागेवर जाऊन बसली. थोड्या वेळाने सासरे बाहेर आले आणि बसले. चमच्याने सावकाश खात खात त्यांनी त्या परदेशातल्या बाईंची गोष्ट पुन्हा सांगितली, शिट्ट्यांसकट, पूर्ण. ही टेबलावर कोपरं टेकून, हनुवटी हातांत धरून ऐकत होती. एक आर्टिचोक मी राखून ठेवला होता, तो पाण्याच्या ग्लासात उभा केला. चार दिवसांनी त्याला जांभळं फूल आलं. निदान एकापुरता मी लेखी शब्द पाळला.

रंगकाम संपलं आणि सासरे निघाले तेव्हा निम्मी इमारत फाटकाशी जमली होती. काकूंनी एक डबा आणला होता. मला वाटलं प्रवासासाठी, पण त्यांनी तो माझ्या हातात दिला. "खिमटासारखं केलंय, तुझ्यासाठी. चावायला लागत नाही," त्या म्हणाल्या. सेक्रेटरींनी त्यांच्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरचा पत्ता सांगितला. मी मान खाली घालून दोन्ही स्वीकारलं.

गाडीत बसताना सासऱ्यांनी काच खाली केली. घसा साफ केला. आणि एके काळी ज्या आवाजाने ते सगळ्या देशाला बातम्या सांगत त्याच आवाजात, एकेक शब्द सुटा करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जावईबापू, सांभाळून राहा. आणि सावकाश चावत जा."

त्यांनी मला जावईबापू म्हणण्याची ती पहिलीच वेळ. प्रत्येक 'स'वर बारीक शिट्टी वाजली होती, स्पष्ट, सगळ्यांनी ऐकली. काकूंनी चमकून इकडेतिकडे पाहिलं, आणि मग त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली.

मी खिशातून रुमाल काढला आणि तोंडाला लावला.